‘वृद्धाश्रम’ हा शब्द विकत घेऊ की नको? (नागपूर, १६ खोल्या, गूगलवरची जाहिरात)

घोगलीवाला

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगतो.

वय ६१. महालात ३४ वर्षं छापखाना चालवला. लग्नपत्रिका, बिलबुकं, निवडणूक आली की पत्रकं. पत्रिकेवर कोणत्या आत्याचं नाव बारीक छापलं की मांडवात भांडण लागतं, हे मला पाठ आहे. म्हणून शब्दांचं आपल्याला कळतं असा समज होता. दोन महिन्यांत ४१,६०० रुपये गेले आणि समजही गेला.

मोठी बहीण सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झाली. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी घोगलीच्या पुढे, वडिलांच्या प्लॉटवर, वयस्क माणसांसाठी घर बांधलं. १६ खोल्या, सगळं तळमजल्यावर, मधे अंगण, एक कडुनिंब आणि एक संत्र्याचं झाड, ज्याला आजवर फळ धरलं नाही. एकट्याचे महिन्याला २२,००० रुपये, नवरा-बायकोचे ३४,०००. डिपॉझिट एक लाख, ते परत मिळतं. बीपी-शुगर रोज सकाळी ताई स्वतः पाहते. रात्री आया असते, नर्स नाही. त्यामुळे अंथरुणाला खिळलेले किंवा नळीने जेवणारे पेशंट आम्ही घेत नाही. घेऊन त्यांचे हाल कशाला करायचे? आज ९ खोल्या भरल्या आहेत, ७ रिकाम्या. पाटीवर ‘ज्येष्ठ निवास’ लिहिलं आहे. ‘वृद्धाश्रम’ पाटीवर आला तर त्या दिवसापासून मी इथे येणार नाही, हे ताईने पाटी रंगवायच्या आधीच सांगून ठेवलं होतं.

जूनमध्ये एका एजन्सीच्या पोट्ट्याने गूगलवर जाहिरात सुरू करून दिली. कोणते शब्द शोधणाऱ्याला आपली जाहिरात दाखवायची, त्या शब्दांची यादी त्यानेच आणली. ऐंशीच्या आसपास शब्द, सगळे इंग्रजी. ‘सीनियर लिव्हिंग’, ‘असिस्टेड लिव्हिंग निअर मी’, ‘रिटायरमेंट कम्युनिटी’, ‘मेमरी केअर’, ‘नर्सिंग होम’, ‘सीनियर सिटिझन’, ‘ओल्ड एज आश्रम’. मला वाटलं, असेल बाप्पा, मोठ्या शहरात असंच म्हणत असतील.

जाहिरातीसाठी वेगळं सिम घेतलं होतं. त्यावरचा प्रत्येक फोन मी वहीत लिहिला, ऑर्डरची वही लिहायची सवय आहे म्हणून. एकूण ७३ फोन. त्यात २१ जण नोकरी मागणारे: आया, वॉर्डबॉय, स्वयंपाकी, एक ड्रायव्हर. १७ जणांना फुकट सोय पाहिजे होती. १२ जणांना वाढदिवसाला आजी-आजोबांना केक भरवून फोटो काढायचे होते. ५ जणांनी डिलिव्हरीचं पॅकेज विचारलं. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे बाळंतपण, हे त्या पोट्ट्याच्या गावीच नव्हतं! (एका घाबरलेल्या जावयाशी ताई पंधरा मिनिटं बोलली. मुलगी झाली, त्याने नंतर फोन करून सांगितलं.) ४ जणांना एसटीची ज्येष्ठांची सवलत कशी मिळते ते हवं होतं. ३ कॉलेजची पोरं प्रोजेक्टसाठी. २ जणांनी आश्रम किती वाजता बंद होतो ते विचारलं. त्यांना सेवाग्रामला जायचं होतं.

उरले ९. त्यातल्या ५ घरांतला माणूस अंथरुणाला होता. चार आमच्या कामाचे. दोघं पाहायला आले, एक आजी राहिल्या.

मग एजन्सी बंद केली आणि मीच खात्यात शिरलो. ‘ज्येष्ठ निवास नागपूर’ टाकलं तर शेरा येतो की शोध फार कमी, म्हणून जाहिरात दाखवत नाही. ‘वृद्धाश्रम नागपूर’ आणि ‘ओल्ड एज होम नागपूर’ला मात्र लोक आहेत. म्हणजे लोकांचा शब्द ताईला चालत नाही आणि ताईचा शब्द लोक टाइप करत नाहीत. मी मधे बसून राहिलो आहे.

तो शब्द घेऊ का? घेतला तर फुकटवाले आणि केकवाले कसे थांबवू? महिन्याला १५,००० पेक्षा जास्त जमणार नाही. पुन्हा एजन्सीकडे जा असं कृपया सांगू नका.

तर्रीपोहा

कायले काका गूगलच्या मागं लागता. धंतोली-रामदासपेठेत फिजिओथेरपीवाले पकडा, कार्ड ठेवा. म्हातारं माणूस पडलं की घरचे आधी तिथंच जातात. माझ्या मामाचं असंच झालं.

(केकवाल्यांकडून केकच घ्या म्हणा १२ जणांसाठी.)

घोगलीवाला

कार्ड ठेवून झाले भाऊ. मीच छापले, कागदही चांगला लावला. धंतोलीतून माणसं येतात, पण त्यातले निम्मे रात्रीच्या नर्सवाले असतात. ज्यांचं अजून काही मोडलेलं नाही ते दवाखान्यात कशाला जातील?

शब्दवाली

काका, मी प्रतापनगरला राहते, नऊ वर्षं जाहिरातीची खाती सांभाळते. दाताचे दवाखाने, कोचिंग क्लासेस, मधे दोन वर्षं तुमच्यासारखंच एक ठिकाण होतं. तुमची वही वाचून हेवा वाटला. आमच्या क्लायंटला ‘फोन किती आले’ विचारलं तर ‘बरेच’ असं उत्तर यायचं.

आधी त्या यादीत शब्दांपुढे अधिकचं चिन्ह आहे का बघा. हा शब्द शोधात असलाच पाहिजे, असं गूगलला सांगायची ती जुनी खूण. असेल तर ती यादी कोणाच्या तरी जुन्या फाइलमधली आहे. गूगलने ती पद्धत २०२१ मध्येच बंद केली. चिन्ह नसलं तरी यादी अमेरिकेची आहे हे उघड दिसतं. तिकडे नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या माणसांची कायमची शुश्रूषा, इकडे काय ते तुम्ही भोगलंच. ‘मेमरी केअर’ नागपुरात कोण टाइप करतं? इथे लोक ‘बाबा रात्री घराबाहेर निघून जातात’ असं लिहितात, किंवा डॉक्टरने चिठ्ठीवर लिहिलेला ‘डिमेन्शिया’ शब्द जसा वाचता आला तसा. आणि नुसतं ‘सीनियर सिटिझन’ घेतलं की एफडीचं व्याज, रेल्वेची सवलत, एसटी, सगळी दुनिया दारात येते. ऐंशीतले सत्तर तरी आजच काढा.

दुसरं म्हणजे शब्द कसा लिहिला आहे ते. नुसता लिहिला तर गूगल त्याचा अर्थ आपल्या मनाने ताणतं. ‘ओल्ड एज आश्रम’वरून सेवाग्रामला पोचतं ते त्यामुळेच. अवतरणचिन्हांत घातला तर शोधात तो अर्थ असावाच लागतो, मागेपुढे दोन शब्द चालतात. चौकटी कंसात घातला तर नेमका तोच, फार तर त्याच अर्थाचा. तुमच्या पैशात नुसता शब्द एकही ठेवू नका.

आता नको असलेले शब्द, म्हणजे जे शोधात असले तर तुमची जाहिरात दाखवायची नाही असे. यादी तुमच्या वहीत तयारच आहे, नुसती उतरवायची. पण एक खाच आहे. हवे असलेले शब्द गूगल स्वतःहून मिळत्याजुळत्या शब्दांपर्यंत नेतं, नको असलेले नेत नाही. ‘नोकरी’ टाकलं म्हणून ‘जॉब’ थांबत नाही. ‘जॉब’ थांबवला तरी ‘भरती’ येतो, मग ‘जागा’, मग ‘पगार’. आणि प्रत्येक शब्द दोनदा लिहायचा, एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजी अक्षरांत. ‘वृद्धाश्रम’ला तर इंग्रजी अक्षरांत लोक एक ‘डी’ लावतात, दोन लावतात, ‘व्रि’ लिहितात, ‘व्रु’ लिहितात. मी एकदा अकरा प्रकार मोजले होते. फुकट, मोफत, निःशुल्क, फ्री, सरकारी, अनुदानित. देणगी, डोनेशन, वाढदिवस, अन्नदान. निबंध, प्रोजेक्ट, कविता, स्टेटस. हसू नका, ‘वृद्धाश्रम मराठी निबंध’ हा शोध खरंच येतो, आणि परीक्षेच्या दिवसांत जास्त येतो. बेसा बाजूला आहात, तर प्लॉट, फ्लॅट, बीएचके हेही टाका. अंथरुणाला खिळलेले पेशंट घेत नाही म्हणता, तर बेडरिडन, पॅरालिसिस, लकवा हेही. हे टाकताना हात थांबतो, मला माहीत आहे. पण त्या पाच घरांतल्या लोकांनाही तुमच्याकडून ‘नाही’ ऐकण्यात वेळ घालवावा लागला.

‘खर्च’, ‘फी’, ‘महिना किती’ हे मात्र नको असलेल्यांत चुकूनही टाकू नका. खर्च विचारणारा माणूस खर्च करायला तयार असतो.

दर सोमवारी ‘सर्च टर्म्स’ नावाचा अहवाल उघडा. लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केलं ते त्यात दिसतं. सगळं दिसत नाही. २०२० पासून गूगल फार थोड्या लोकांनी केलेले शोध लपवतं. जेवढं दिसतं त्यातून आठवड्याला दहा-पंधरा शब्द तरी बाद होतात.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: शब्द घ्या, पण उच्चारू नका. विकत घेतलेला शब्द फक्त तुम्हाला आणि गूगलला माहीत असतो. जाहिरातीत काय छापायचं ते तुमच्या हातात आहे. शोधणाऱ्याने ‘ओल्ड एज होम नागपूर’ टाइप केलं आणि समोर ‘आईबाबांसाठी स्वतंत्र खोली’ आलं, तर कोणाचं काय बिघडलं? शोधलेला शब्द जाहिरातीत नसेल तर गूगल ती जाहिरात थोडी कमी संबंधित धरतं आणि क्लिक थोडा महाग पडतो, हे खरं आहे. ताईंच्या शब्दाची किंमत समजा. आणि मथळ्यातच ‘महिना २२,००० पासून’ छापा. फुकटवाला ते वाचून पुढे जाईल, क्लिक करणार नाही, तुमचा पैसाही जाणार नाही. ३० अक्षरांची मर्यादा आहे, पत्रिकावाल्या माणसाला ती काय सांगायची.

जाहिरात कुठे आणि किती वाजता दाखवता ते सांगितलं नाहीत.

घोगलीवाला

सांगतो, लाज वाटते. नागपूरभोवती २५ किलोमीटर. सकाळी १० ते संध्याकाळी ७, कारण फोन मी उचलतो आणि सकाळी अंगणात सगळ्यांची कवायत घेतो.

अधिकची चिन्हं आहेत. सगळ्या शब्दांपुढे.

गरीबरथ_वेटिंग

मी जाहिरातवाली नाही. मी ती मुलगी आहे जी पुण्यातून शोधत होती. बाबा गेल्यावर आई खामल्याला एकटी होती. दोन वर्षं बाया बदलत गेल्या. शेवटची दिवाळीच्या चार दिवस आधी न सांगता गेली. त्या रात्री मी पहिल्यांदा टाइप केलं. काय टाइप केलं? ‘ओल्ड एज होम नागपूर’. इंग्रजीत, नवरा झोपल्यावर. मराठीत लिहायचा धीर झाला नाही. मराठीत तो शब्द शिवीसारखा वाटतो, इंग्रजीत निदान फॉर्मवरच्या रकान्यासारखा दिसतो. ‘सीनियर लिव्हिंग’ हा शब्द मला तेव्हा माहीतच नव्हता. तो पुढे एका ब्रोशरमध्ये वाचला.

जे पहिलं पान उघडलं त्यावर रांगेत बसलेल्या म्हाताऱ्या बायका, हात जोडून, समोर कोणीतरी फळं वाटतंय. मी फोन उलटा ठेवला आणि तीन आठवडे पुन्हा शोधलं नाही.

नंतर शोध बदलत गेले. हिस्टरीत अजून आहेत, बघूनच लिहिते. ‘२४ तास केअरटेकर नागपूर खर्च’. ‘आई एकटी राहायला घाबरते’. ‘सीनियर सिटिझन होम वर्धा रोड’, कारण मावशी मनीषनगरला आहे आणि तिला जाता-येता जमलं पाहिजे. ‘डिपॉझिट परत मिळते का’. आणि शेवटी, ज्याने काम झालं तो: ‘आईला १५ दिवस ठेवायचे आहे नागपूर’. माझं ऑपरेशन होतं म्हणून. आई १५ दिवसांसाठी गेली आणि तिने स्वतःच सांगितलं की अजून महिनाभर राहते, इथे पत्ते खेळायला चौघी आहेत. आता दीड वर्ष झालं. तिला मी कायमचं राहायला चल म्हटलं असतं तर ती आयुष्यभर माझ्याशी बोलली नसती.

काका, तुमच्याकडे १५ दिवस-महिना राहता येतं का? येत असेल तर ते कुठेही लिहिलेलं नाही.

आणि २५ किलोमीटर! तुमच्या ९ खोल्यांतल्या लोकांची मुलं कुठे आहेत ते एकदा मोजा.

घोगलीवाला

मोजलं. ९ खोल्यांत ११ माणसं. पुणे ४ घरं, बेंगळुरू १, अमेरिका २, नागपुरातच १, एकांना मूलबाळ नाही. म्हणजे ज्यांना जाहिरात दिसायला हवी त्यातलं नागपुरात एकच घर. ३४ वर्षं मी पत्रिका वऱ्हाड्यांना पाठवत होतो, इथे नवरदेवालाच वाटत बसलो.

१५ दिवस ठेवतो ना. कोणी विचारलं तर. कोणी विचारत नाही.

शब्दवाली

मग दोन भाग करा. एक नागपूर शहराचा. त्यात शब्दात ‘नागपूर’ नसला तरी चालेल, इथला माणूस ‘जवळ’, ‘वर्धा रोड’, ‘मनीषनगर’ असं लिहितो. दुसरा पुणे, मुंबई, बेंगळुरू, हैदराबाद आणि परदेश. त्यात प्रत्येक शब्दात ‘नागपूर’ असलाच पाहिजे, नाहीतर पुण्यातल्या माणसाला पुण्यातलं ठिकाण हवं असतं आणि पैसे तुमचे जातात. दोन्हीकडे ठिकाणाच्या सेटिंगमध्ये ‘तिथे प्रत्यक्ष असलेले लोक’ हा पर्याय निवडा. गूगल आपणहून ‘त्या ठिकाणात रस असलेले’सुद्धा धरून ठेवतं, मग कोण कुठून येतंय कळत नाही.

वेळ: ह्यूस्टनला उन्हाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा नागपुरात सकाळचे साडेसहा. ऑफिस, जेवण आटोपून मुलगा लॅपटॉप उघडतो तेव्हा तुमची जाहिरात झोपलेली असते आणि तुम्ही कवायत घेत असता. सकाळी ६ ते ९ चालू करा आणि फोन ताईंकडे द्या.

मराठीतले शब्द फार बारीक केले की ‘शोध कमी’चा शेरा पडतोच. ‘बेसा रोड ज्येष्ठ नागरिक निवास खोली’ असं टाकू नका. ‘वृद्धाश्रम’ हिंदीतही तोच शब्द आहे, तेव्हा नागपुरात आलेल्या शिवनी-छिंदवाड्याकडच्या लोकांचेही शोध येतील. त्यांना हाकलू नका. ते लोक ऑपरेशनला नागपुरातच येतात, टाके काढेपर्यंत कुठे राहायचं हा त्यांचाही प्रश्न असतो. वर गरीबरथ_वेटिंग म्हणाल्या ते थोड्या दिवसांचं राहणं, त्यासाठी वेगळा शब्दगट आणि वेगळं पान करा. सगळे शब्द एकाच पानावर नेऊन सोडू नका.

आणि वहीत एक रकाना वाढवा: फोनवरचं पहिलं वाक्य, जसंच्या तसं. ‘बाई सोडून गेली’, ‘आई बाथरूममध्ये पडली’, ‘बाबा ऐकत नाहीत’. तुमचे पुढचे शब्द तिथून येतील. मला ज्या वर्षी हे सुचलं त्या वर्षी मी पगारवाढ मागितली होती.

निवृत्त_वेकोलि

सगळे मुलामुलींच्या वतीने बोलत आहेत. मी ७४ वर्षांचा आहे, टाइप करता येतं, आणि स्वतःसाठी शोधतो आहे. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

मी तो शब्द कधीच टाइप केला नाही आणि करणार नाही. निराधार माणूस आणि तो शब्द यांची जोडी कायद्यातच आहे: २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक कायद्यात सरकारने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक वृद्धाश्रम, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी, अशी तरतूद आहे. तेव्हा घोगलीवाल्यांना आलेले १७ फोन चुकीचे नव्हते, पत्ता चुकला होता. त्यांना १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन सांगत चला, टोल फ्री आहे.

मी काय शोधतो? ‘लिफ्ट असलेले’, ‘पायऱ्या नसलेले’, ‘नवरा बायको दोघांसाठी खोली’, ‘स्वतःचे फर्निचर आणता येते का’. पत्नीचे गुडघे गेले आहेत. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, असं आहे. तुमचा प्रकल्प विक्रीचा नाही, तुम्हाला ते लागू नसेल. पण मी टेप घेऊन जातो आणि दार मोजतो. तुमच्या पानावर दाराची रुंदी लिहिली असती तर मी आजच फोन केला असता. ‘मायेची सावली’ लिहिलं असेल तर करणार नाही.

शब्दवालींशी एक मतभेद. शब्द नुसता लपवून भागत नाही. माझ्या मुलाने उद्या तो शब्द टाइप केला, त्याखाली तुमची जाहिरात आली आणि तो मला दाखवायला घेऊन आला, तर वरच्या पट्टीत त्याने टाइप केलेलं मला दिसणारच.

शब्दवाली

काका, याला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्या शब्दांचा तिसरा गट मात्र होऊ शकतो, आणि तो स्वस्त पडेल, कारण ते शब्द कोणी घेतच नाही.

तर्रीपोहा

दुसऱ्या मोठ्या ठिकाणाचं नाव शब्द म्हणून घेतलं तर? त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे. कोचिंगवाले हेच करून राहिले.

शब्दवाली

करतात. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये म्हटलं की दुसऱ्याचा ट्रेडमार्क कीवर्ड म्हणून घेणं हेच काही आपोआप उल्लंघन होत नाही, पण त्याने लोकांचा गोंधळ होत असेल तर ते उल्लंघन ठरू शकतं. १६ खोल्यांच्या माणसाने या भानगडीत पडू नये.

घोगलीवाला

सहा आठवडे झाले, हिशोब द्यायचा म्हणून आलो.

यादी ८० वरून २३ वर आणली. नको असलेले शब्द १४० झाले, अजून वाढून राहिले आहेत. मागच्या सोमवारी ‘आश्रमशाळा शिक्षक भरती’ काढला. खर्च २१,९००. फोन २९. नोकरीवाले ४, फुकटवाले ३ (तिघांनाही १४५६७ दिला), केक २, शाळेची चौकशी १. ८ जणांना रात्रीची नर्स हवी होती. ‘पॅरालिसिस’ थांबवला तरी माणूस ‘ओल्ड एज होम’च टाइप करतो, त्याला इलाज नाही. म्हणून जाहिरातीत ‘स्वतः चालणाऱ्यांसाठी’ एवढं वाढवलं. उरले ११, आणि त्यातले ६ सकाळी नवाच्या आत आले. ताईने घेतले. ती माझ्यापेक्षा बरं बोलते, खरं तर ती फक्त ऐकते.

तीन खोल्या भरल्या. एक काका-काकू, ‘१५ दिवस’वाल्या शब्दातून. मुलीचं बाळंतपण हैदराबादला, काकूंना तिकडे जायचं होतं म्हणून काकांना ठेवायला आल्या. खोली पाहिली आणि म्हणाल्या, परत आल्यावर मीही येते. आल्या. (नर्सिंग होमवाल्यांचे फोन बंद झाले तरी बाळंतपण काही सुटत नाही.)

वेकोलिचे काका, आमची दारं ८४० मिलिमीटर भरली. मिस्त्री येऊन गेला, चार खोल्यांची आधी करतो आहे. पानावर खरा आकडा टाकला आहे, ८४०. तुम्ही टेप घेऊन या, चहा आमच्याकडे.

पहिल्या वाक्याचा रकाना सुरू केला. ११ पैकी ७ वाक्यांत ‘बाई’ हा शब्द आहे. बाई गेली, बाई येत नाही, बाई चोरी करते असं आईला वाटतं. पण ‘बाई पाहिजे नागपूर’ घ्यायला गेलो तर बाई पुरवणाऱ्या एजन्स्यांचे भाव फार आहेत, आणि मागे कामाला येणाऱ्या बायांचे फोन. सोडला.

एक अडकलं आहे, ते विचारतो. मागच्या अहवालात एक शोध दिसला: ‘ओल्ड एज होम नागपूर सावजी जेवण’. क्लिकही झाला, फोन आला नाही. ताई म्हणते, नको असलेल्यांत टाक, इथे बीपीची माणसं आहेत. मी टाकला नाही. आचाऱ्याला विचारलं, तो म्हणतो रविवारी कमी तिखटाचं जमेल, पण मग त्याला सावजी म्हणू नका.